ग्राफीनच्या थरांतून इलेक्ट्रॉनचा स्पिन कसा जातो? नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एमएससीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं एका संशोधन संस्थेत ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या एक-अणू जाडीच्या थराची, उपकरणं तयार करून मोजायचं काम केलं. या विषयावर कुठेही बोलले की व्याख्यानानंतर तेच ते प्रश्न येतात. विचारणारी मुलं असतात, त्यांचे पालक असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे इंजिनिअरही असतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो का?

नाही. नाव तसं पडलंय खरं, पण इलेक्ट्रॉनला छोटा गोळा मानून हिशोब केला, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगानं फिरायला हवा असं उत्तर येतं. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगचा गुण आहे, जसा विद्युतभार आहे तसाच. त्या गुणामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एक इवलासा चुंबक असतो. त्याची दिशा कुठल्याही अक्षावर मोजा, उत्तरं दोनच मिळतात: वर किंवा खाली. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला आणि तो दोन भागांत फुटला. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्पिन असतो हे मांडलं.

भोवरा डोक्यातून काढून टाका. होकायंत्राची सुई ठेवा, ती पुष्कळ जवळची आहे.

करंट म्हणजे इलेक्ट्रॉनचं वाहणं. मग स्पिनचं वाहणं त्याहून वेगळं कसं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

साध्या तारेतून करंट जातो तेव्हा वर-स्पिनवाले आणि खाली-स्पिनवाले इलेक्ट्रॉन निम्मे निम्मे असतात. भार वाहतो, पण स्पिनची बेरीज शून्य. आता याच्या नेमकी उलटी स्थिती मनात आणा. कार्तिकात रामकुंडावर लोक द्रोणांत दिवे सोडतात. समजा, कुंडाचं पाणी अगदी स्थिर आहे आणि सगळं पाणी द्रोणांनी भरलेलं आहे. एका कडेच्या द्रोणांत दिवे पेटवलेले आहेत, बाकीचे द्रोण रिकामे. वाऱ्याच्या झुळकीनं, एकमेकांच्या धक्क्यानं द्रोण इकडेतिकडे सरकतात. थोड्या वेळानं पाहिलं तर जितके पेटते द्रोण उजवीकडे गेले, तितकेच रिकामे डावीकडे आले. एकूण द्रोण कुठेच गेले नाहीत, पण उजेड उजवीकडे पसरला.

शुद्ध स्पिन प्रवाह हा असाच असतो. जितके वर-स्पिनवाले इकडून तिकडे, तितकेच खाली-स्पिनवाले तिकडून इकडे. भाराचा प्रवाह शून्य आणि स्पिनचा प्रवाह मात्र खरा. या पसरण्याला विसरण (डिफ्युजन) म्हणतात. प्रत्येक दिव्याला आयुष्य असतं, काही वेळानं तो विझतो. तसाच इलेक्ट्रॉनचा स्पिनही काही काळानं आपली दिशा विसरतो. विझायच्या आत उजेड किती लांब पोचला, या एका गोष्टीवर या क्षेत्रातली बरीचशी धडपड उभी आहे.

मग त्यासाठी ग्राफीनच का? तांबं, सिलिकॉन का नको?

तांब्यात, ॲल्युमिनियममध्ये, सिलिकॉनमध्येही स्पिन वाहून नेता येतो. धातूत स्पिन विद्युत पद्धतीनं घालून दूर अंतरावर ओळखण्याचा पहिला प्रयोग जॉन्सन आणि सिल्सबी यांनी १९८५ मध्ये ॲल्युमिनियमवर केला होता. पण धातूत खोलीच्या तापमानाला स्पिन साधारण मायक्रोमीटरच्या आतच दिशा विसरतो.

स्पिन विसरायला लावणारं मुख्य कारण म्हणजे स्पिन-कक्षा आंतरक्रिया. इलेक्ट्रॉन जड अणुकेंद्राजवळून वेगानं जातो तेव्हा केंद्राचं विद्युतक्षेत्र त्याला चुंबकीय क्षेत्रासारखं भासतं आणि स्पिनची सुई वळते. अणू जितका जड, तितका हा परिणाम मोठा. कार्बनचा अणुक्रमांक फक्त ६ आहे. त्यातून ग्राफीनचा सपाट षटकोनी जाळीचा आकार हा परिणाम आणखी दाबून टाकतो. आकडा सांगायचा तर ग्राफीनमध्ये तो काही दशक मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढाच भरतो. दुसरी गोष्ट म्हणजे निसर्गात सापडणाऱ्या कार्बनपैकी जवळपास ९९ टक्के कार्बन-१२ असतो आणि त्याच्या केंद्राला स्वतःचा स्पिनच नसतो. म्हणजे केंद्राकडूनही फारसा त्रास नाही. आणि ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन चपळ असतात, त्यामुळे स्पिन जिवंत असेपर्यंत ते बरंच अंतर कापतात.

थोडक्यात, ग्राफीन स्पिनच्या वाटेला जात नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. पुढे याच गुणाची अडचण कशी होते तेही येईल.

पेन्सिलच्या रेघेत ग्राफीन असतं म्हणतात. मग घरी बनवता येईल का?

पेन्सिलच्या शिशात ग्राफाइटबरोबर माती मिसळलेली असते, आणि रेघेत ग्राफाइटच्या जाड कपच्या पडतात. तिथून एक-अणू जाडीचा स्वच्छ तुकडा मिळेल ही आशा नको. पण शुद्ध ग्राफाइटचा खडा आणि चिकटपट्टी असेल, तर पद्धत खरंच तीच आहे जी गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला वापरली. त्याबद्दल दोघांना २०१० चं नोबेल मिळालं.

मी हे शेकडो वेळा केलंय. मोहरीएवढी ग्राफाइटची कपची पट्टीवर ठेवायची, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा थोडी बाजूला दुमडायची. दहा-बारा घड्यांनंतर काळी चकाकी जाऊन पट्टीवर राखाडी धूळ दिसायला लागते. मग सिलिकॉनच्या स्वच्छ तुकड्यावर ती दाबायची, थोडी ऊब द्यायची आणि अगदी सावकाश, श्वास रोखून, सोलून काढायची. त्या सिलिकॉनवर साधारण ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणून तो जांभळट दिसतो. मायक्रोस्कोपखाली आधी पिवळे, निळे, चकचकीत तुकडे दिसतात. ते सगळे जाड. एकेरी थर शोधायला तास दोन तास जातात, आणि सापडतो तेव्हा तो आहे की भास आहे असं वाटतं. जांभळ्या येवला पैठणीवर पाण्याचा थेंब पडून वाळला की जी पुसटशी कड राहते, तसा. नजर एकदा बसली की मग चुकत नाही. खात्री करायची तर रामन वर्णपट घ्यायचा, म्हणजे लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते पाहायचं. प्रति सेंटिमीटर १५८० च्या आसपासच्या शिखरापेक्षा २७०० च्या आसपासचं शिखर उंच, एकसंध आणि निमुळतं आलं, तर एकेरी थर. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम आज जगभरच्या ग्राफीन प्रयोगशाळांत रोज वापरला जातो, हे मुलांना सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.

एका थराची जाडी ०.३३५ नॅनोमीटर. एक मिलिमीटर ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर बसतात.

स्पिन ग्राफीनमध्ये घालतात कसा?

कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूच्या पट्टीतून. कोबाल्टमध्ये दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारखे नसतात, त्यामुळे तिथून ग्राफीनमध्ये करंट सोडला की एका जातीचे जास्त येतात. ग्राफीनच्या पट्टीवर आडव्या चार पट्ट्या असतात, काही शे नॅनोमीटर रुंद. इलेक्ट्रॉनच्या झोतानं नक्षी कोरून, निर्वात पात्रात धातू उकळून त्या चढवतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण कोबाल्ट थेट ग्राफीनवर टेकवला तर फारसं काही हाती लागत नाही. कोबाल्टचा रोध ग्राफीनच्या मानानं फार कमी असतो. ग्राफीनमध्ये साठलेला स्पिन सोप्या वाटेनं परत कोबाल्टमध्ये जातो आणि तिथे लगेच विझतो. ही अडचण २००० साली नीट मांडली गेली. त्याच वर्षी राश्बा यांनी उपाय सुचवला की मध्ये एक पातळ, रोधक थर ठेवा. इलेक्ट्रॉन तो पुंज यांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमानं पार करतील, पण परतीची वाट अवघड होईल. यालाच टनेल बॅरियर म्हणतात.

आता हा जेमतेम एक नॅनोमीटरचा थर ग्राफीनवर सलग बसवायचा कसा? ग्राफीनवर मॅग्नेशियम ऑक्साइड चढवलं तर ते पसरत नाही, अळवाच्या पानावर पाणी राहावं तसे त्याचे थेंब थेंब होतात. मधल्या फटींतून कोबाल्ट ग्राफीनला टेकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कॅलिफोर्नियातल्या कावाकामी यांच्या गटानं २०१० मध्ये आधी टायटॅनियम ऑक्साइडचं पातळ अस्तर देऊन हा प्रश्न सोडवला आणि १३० ओहमचा संकेत (मिळालेलं व्होल्टेज भागिले सोडलेला करंट) मिळवला. त्याआधी काही ओहम मिळाले तरी आनंद व्हायचा.

दूरच्या टोकाला करंटच नाही, तर मोजता काय?

व्होल्टेज. डावीकडच्या दोन पट्ट्यांमधून करंट फिरवायचा आणि उजवीकडच्या दोन पट्ट्यांमधलं व्होल्टेज मोजायचं. करंटची वाट डावीकडेच संपते, उजवीकडे फक्त स्पिन पसरत येतो. उजवीकडची चुंबकीय पट्टी त्यातल्या वरच्या किंवा खालच्या स्पिनची पातळी वाचते. पट्ट्यांची रुंदी मुद्दाम वेगवेगळी ठेवतात. अरुंद पट्टीचं चुंबकत्व उलटवायला जास्त क्षेत्र लागतं. म्हणून बाहेरचं क्षेत्र हळूहळू वाढवलं की आधी एक पट्टी उलटते, मग दुसरी. दोन्ही एका दिशेला असताना एक व्होल्टेज, विरुद्ध असताना दुसरं. आलेखावर त्या दोन पायऱ्या स्वच्छ उमटल्या की स्पिन पोचला.

एक मायक्रोअँपिअर करंट आणि पाच ओहम संकेत धरला तर फरक पाच मायक्रोव्होल्टचा. तो गोंगाटातून वेगळा काढायला लॉक-इन ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे ठरावीक लयीचाच संकेत उचलणारं यंत्र.

ग्राफीनच्या एकेरी थरात हा प्रयोग ग्रोनिंगन विद्यापीठात टोम्ब्रोस, व्हान वेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, २००७ मध्ये. त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की ४.२ केल्विनला, ७७ केल्विनला आणि खोलीच्या तापमानाला संकेतात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुंज परिणाम म्हटलं की द्रव हेलियमची थंडी लागणार असं आपण धरून चालतो. इथे आपल्या टेबलावरच्या तापमानाला ते चालत होतं.

पण ते व्होल्टेज स्पिनमुळेच आलं कशावरून?

अशी शंका घेणारा विद्यार्थी मला हवाच असतो. पायऱ्या इतर कारणांनीही दिसू शकतात. म्हणून हॅनले मापन करतात. विल्हेल्म हॅनले यांनी १९२४ मध्ये प्रकाशाच्या बाबतीत जो परिणाम दाखवला, त्याचंच हे भावंड.

ग्राफीनच्या पातळीला लंब असं चुंबकीय क्षेत्र लावलं की पातळीत आडवे असलेले स्पिन त्याभोवती घिरट्या घालतात. वेग ठरलेला आहे: एका टेस्लाला सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या. आता हिशोब करू. दोन पट्ट्यांत ३ मायक्रोमीटर अंतर, विसरण गुणांक, म्हणजे स्पिन किती झपाट्यानं पसरतो तो आकडा, सेकंदाला ०.०२ चौरस मीटर. अंतराच्या वर्गाला गुणांकाच्या दुपटीनं भागा, म्हणजे साधारण प्रवासाचा वेळ मिळतो: २२५ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग). तेवढ्या वेळात अर्धी फेरी व्हायला किती क्षेत्र हवं? जवळपास ०.०८ टेस्ला. म्हणजे त्या क्षेत्राच्या आसपास वर-स्पिन म्हणून निघालेला इलेक्ट्रॉन खाली-स्पिन होऊन पोचेल आणि व्होल्टेजचं चिन्ह बदलेल. प्रयोगात ते तसं बदलतं. सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेळी पोचत नाहीत, कोणी लवकर, कोणी रेंगाळत, म्हणून क्षेत्र वाढवत गेलं की घिरट्या एकमेकींत मिसळतात आणि संकेत मावळतो. त्या वक्राच्या आकारावरून स्पिनचं आयुष्य आणि विसरण गुणांक दोन्ही काढता येतात.

एमएससीच्या प्रात्यक्षिकात डीपीपीएच या रसायनाच्या नमुन्यावर ईएसआरचा (इलेक्ट्रॉन स्पिन अनुनादाचा) प्रयोग केला असेल तर आठवा. १३ मेगाहर्ट्झला अनुनाद सुमारे ४.६ गॉसला आला होता. तोच २८ अब्जांचा आकडा. भागाकार करून बघा.

मग स्पिन किती लांब जातो?

विसरण गुणांक आणि स्पिनचं आयुष्य यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की लांबी मिळते. २००७ ला ग्रोनिंगनमध्ये ती दीड ते दोन मायक्रोमीटर होती, आयुष्य शंभर-दीडशे पिकोसेकंद. २०१५ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात सरोज दाश यांच्या गटानं तांब्याच्या पत्र्यावर रासायनिक वाफेतून वाढवलेल्या ग्राफीनमध्ये स्पिन १६ मायक्रोमीटर लांबीच्या वाटेवरून पलीकडे पोचवला, तोही खोलीच्या तापमानाला. मोठ्या आकारात बनवता येतं अशा ग्राफीनवर हे झालं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. २०१६ मध्ये जर्मनीत आखेनच्या गटानं १२.६ नॅनोसेकंद आयुष्य आणि ३०.५ मायक्रोमीटर लांबी गाठली, हेही खोलीच्या तापमानाला.

तीस मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी जाडी. मुलं हे ऐकून जरा हिरमुसतात. पण आजच्या चिपवर एवढ्या लांबीत कितीतरी ट्रान्झिस्टर बसतात.

सिद्धांतानं किती सांगितलं होतं?

सुरुवातीच्या अंदाजांत मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात मिळाले पिकोसेकंद, म्हणजे हजारो पटींनी कमी. हा तिढा बरीच वर्षं सुटला नव्हता, आणि त्यातून मिळालेला धडा या विषयाच्या पलीकडेही उपयोगाचा आहे. दोष ग्राफीनचा फारसा नव्हताच, त्याच्या शेजाऱ्यांचा होता. खालच्या सिलिकॉन ऑक्साइडचा पृष्ठभाग खडबडीत, त्यात अडकलेले भार. वरून रसायनांचे अवशेष. संपर्काच्या पट्ट्यांखालच्या फटी, ज्यांतून स्पिन गळून जातो. आणि हायड्रोजनचा एखादा अणू ग्राफीनला चिकटला तरी तिथे छोटा चुंबक तयार होतो. २०१४ मध्ये कोखान, ग्मित्रा आणि फाबियान यांनी दाखवलं की असे मोजके चुंबकीय दोषही स्पिनचं आयुष्य शंभर पिकोसेकंदांपर्यंत खाली आणायला पुरे आहेत. दहा लाख अणूंमागे एखादा दोषसुद्धा जड जातो.

म्हणून थर रचतात का?

हो. पहिला थर म्हणजे बोरॉन नायट्राइड. जाळी ग्राफीनसारखीच षटकोनी, पण विद्युतरोधक, आणि पृष्ठभाग अणूच्या पातळीवर सपाट. ग्राफीन त्याच्यावर ठेवायचं आणि वरूनही त्याच पदार्थाचं पांघरूण घालायचं. थर एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात, नुसते चिकटून राहतात, म्हणून जाळ्या जुळल्या नाहीत तरी चालतं. असे चांगले स्फटिक जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांना जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संस्थेतून मिळतात, तानिगुची आणि वातानाबे या दोघांकडून. एवढ्या मोठ्या क्षेत्राचा कच्चा माल दोन माणसांच्या हातचा असावा, हे मला आजही थक्क करतं.

त्याच बोरॉन नायट्राइडचे दोन-तीन थर टनेल बॅरियर म्हणूनही उत्तम काम करतात. ऑक्साइडसारखे थेंब होत नाहीत, फटी नाहीत.

शेजारच्या थराचा गुण ग्राफीनला लागतो असं वाचलं. ते कसं?

आपल्याकडे म्हण आहेच: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या शोधनिबंधात सापडलेलं नाही.

वर म्हटलं की ग्राफीन स्पिनच्या वाटेला जात नाही. म्हणून स्पिन टिकतो. पण म्हणूनच त्याला वळवता येत नाही, थांबवता येत नाही, ग्राफीनच्या आत निर्माणही करता येत नाही. नुसती मोकळी वाट मिळाली, लगाम नाही. ग्राफीनमध्ये जड अणू मिसळले तर लगाम येईल, पण चपळपणा जाईल. मग उपाय काय? जड अणूंचा थर शेजारी नुसता टेकवायचा. टंगस्टन डायसल्फाइड किंवा मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर ग्राफीनला चिकटला की इलेक्ट्रॉनच्या लहरीचं टोक त्या थरात शिरतं, आणि तिथली तीव्र स्पिन-कक्षा आंतरक्रिया ग्राफीनमध्ये उतरते. ती मूळच्या कितीतरी पट असते. ग्राफीनचं वाण, म्हणजे त्याची कार्बनची जाळी आणि चपळ इलेक्ट्रॉन, तेच राहतं. गुण मात्र लागतो.

२०१७-१८ मध्ये याचा सुंदर पुरावा मिळाला. अशा जोडीत पातळीत आडवे असलेले स्पिन काही पिकोसेकंदांतच विझतात, पण पातळीला उभे असलेले त्याच्या जवळपास दहापट जगतात. नुसत्या ग्राफीनमध्ये उभे-आडवे असा फारसा भेद नसतो. म्हणजे आता ग्राफीन स्पिनची चाळणी झालं: उभे जाऊ देतं, आडवे गाळतं. पुढे २०१९ मध्ये मोलिब्डेनम डायसल्फाइड शेजारी असलेल्या ग्राफीनमध्ये साध्या करंटमधून स्पिन तयार करता येतो हेही खोलीच्या तापमानाला दिसलं. ज्याला स्पिन हॉल परिणाम म्हणतात, तो.

शेजारी चुंबक ठेवला तर? क्रोमियम आयोडाइडचा एकेरी थर ४५ केल्विनखाली चुंबक असतो हे २०१७ मध्ये समजलं आणि एकेरी थराच्या चुंबकांची दारं उघडली. क्रोमियम, गंधक आणि ब्रोमीन यांच्या एका थरयुक्त चुंबकाशेजारी ठेवलेल्या दुहेरी ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन स्वतःच सुमारे १४ टक्के स्पिन-ध्रुवित होतात, म्हणजे एका दिशेच्या स्पिनचे जास्त होतात, असं ग्रोनिंगनच्याच गटानं २०२१ मध्ये मोजलं. कोबाल्ट नको, टनेल बॅरियर नको. अर्थात हे अजून थंडीतलं काम आहे.

माझ्या मते या क्षेत्राचं खरं भविष्य इथे आहे. लांबीचे विक्रम मोडण्यापेक्षा कोणता शेजारी कोणत्या कोनात बसवला की कोणता गुण किती लागतो, हे शिकण्यात.

स्पिन ट्रान्झिस्टर बनला का?

कल्पना १९९० ची आहे. सुप्रियो दत्त आणि बिश्वजित दास यांनी ती मांडली. दत्त हे आयआयटी खरगपूरचे विद्यार्थी. व्होल्टेज लावून वाटेतच स्पिनची दिशा फिरवायची, आणि पलीकडच्या चुंबकानं हवा तो स्पिन घ्यायचा, नको तो अडवायचा. ग्राफीनमध्ये थोडी वेगळी वाट निघाली. २०१६ आणि २०१७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी ग्राफीनवर मोलिब्डेनम डायसल्फाइडचा तुकडा ठेवून दाखवलं की व्होल्टेज एका बाजूला नेलं की स्पिन त्या तुकड्यात शोषला जातो आणि पलीकडे काही पोचत नाही. दुसऱ्या बाजूला नेलं की पोचतो. म्हणजे स्पिनचा नळ उघडता-बंद करता येतो. पण संकेत लहान आहे आणि एका नळानं दुसरा चालवणं ही पुढची मजल अजून लांब आहे.

मोबाईलमध्ये कधी येणार?

स्पिन तुमच्या घरात आधीच आला आहे. १९८८ मध्ये फेर्ट आणि ग्रुनबर्ग यांनी शोधलेल्या महाचुंबकीय रोधामुळे (चुंबकीय थरांची दिशा बदलली की रोध खूप बदलतो, तो परिणाम) १९९७ पासून हार्ड डिस्कची क्षमता झपाट्यानं वाढली, आणि २००७ चं नोबेल त्यांना मिळालं. स्पिनवर चालणारी एमरॅम स्मृती (संगणकाची चुंबकीय मेमरी) बाजारात आहे. ग्राफीनची स्पिन उपकरणं मात्र प्रयोगशाळेत आहेत. ती आधी स्मृतीच्या दोन घटकांमध्ये स्पिन नेणाऱ्या जोडवाटा म्हणून येतील असं मला वाटतं. सिलिकॉनची जागा घेतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

जादुई कोनाचं ग्राफीन हेच का?

नाही. दोन थर १.१ अंशांनी फिरवून ठेवले की अतिवाहकता येते, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहते, तो २०१८ चा शोध. थर रचायचं तंत्र तेच, प्रश्न वेगळा.

दुकानात 'ग्राफीन' लिहिलेलं तेल, हेल्मेट, बॅटरी मिळते. तेच ग्राफीन?

त्यात बहुधा अनेक थरांच्या कपच्यांची भुकटी असते. आपापल्या कामाला ती उपयोगी असेलही, पण या पानावरच्या एकेरी, स्वच्छ थराशी तिचा संबंध नावापुरता.

मापन करताना सर्वांत जास्त काय बिघडतं?

स्थिर विद्युत. एक प्रसंग सांगते, कारण नवीन मुलं हा मुद्दा नेहमी हलक्यात घेतात. डिसेंबरात हवा कोरडी झाली होती. सहा आठवडे खपून एक उपकरण तयार झालं होतं. बोरॉन नायट्राइड नीट बसलेलं, संपर्कांचे रोध सारखे, आदल्या दिवशी स्पिनच्या पायऱ्याही दिसलेल्या. हॅनले मोजण्यासाठी नमुना फिरवून बसवायचा होता. अंगात लोकरीचा स्वेटर होता, मनगटाला भू-तारेचा (अर्थिंगचा) पट्टा लावायचा राहिला. सॉकेटला बोट लागताना बारीक चटका बसला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर दोन पट्ट्यांच्या मधलं ग्राफीन नाहीसं झालेलं, कडा जळक्या. त्या दिवशी मी कोणाशी बोलले नाही.

तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेतले नियम: आधी पट्टा, मग नमुना. सगळ्या तारा जमिनीला जोडलेल्या असतानाच नमुना लावायचा, आणि एकेक करून सोडवायच्या. हिवाळ्यात लोकर बाहेर काढून ठेवायची.

यात यायचं तर नाशिकहून वाट कशी?

बीएस्सी, मग एमएससी. पुंज यांत्रिकी आणि घनावस्था भौतिकी मनापासून करा. बाकीचं शिकता येतं. जॅम, जेस्ट, गेट, नेट या परीक्षांमधून टीआयएफआर, आयआयटी मुंबई, आयसर पुणे, बंगळूरची आयआयएससी अशा ठिकाणी जाता येतं, तिथे द्विमितीय पदार्थांवर काम चालतं. आयआयटी मुंबई आणि आयआयएससीच्या नॅनो सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही वापरता याव्यात म्हणून सरकारी योजनाही आहे. तिची माहिती आपल्या विभागप्रमुखांना विचारा, नसेल तर त्यांना द्या. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत पुंज पदार्थ आणि उपकरणं हा स्वतंत्र विषय आहे.

मी स्वतः पहाटे पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन दिवसभर मोजमाप करून रात्री परतायचे. मुलींच्या घरचे लांब पाठवायला कचरतात, तेव्हा त्यांना मी हे आवर्जून सांगते.

आमच्या कॉलेजात यातलं काय करता येईल?

बरंच. ऑक्साइड चढवलेली सिलिकॉनची चकती फार महाग नसते, एका चकतीचे तीस-चाळीस तुकडे होतात. ग्राफाइट, चिकटपट्टी आणि शंभरपट मोठं दाखवणारं भिंग असलेला मायक्रोस्कोप एवढ्यावर थर शोधायला शिकता येतं. हॉल परिणाम आणि ईएसआर तुमच्या प्रात्यक्षिकात आहेतच. संगणकावर हॅनलेचा वक्र काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहा. वरचेच आकडे घाला, आयुष्य १०० पिकोसेकंदांवरून १ नॅनोसेकंद करा आणि वक्र कसा अरुंद होतो ते पाहा. तेवढं केलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा ओळखू येतो.

तुम्ही आमच्याकडे येऊन हे दाखवाल का?

हो. दिंडोरी, सिन्नर, निफाड, येवला, कुठेही. मायक्रोस्कोप मी आणते. धूळ कमी असलेली खोली, पडदे आणि सलग दोन तास एवढंच लागेल. वर्गात जास्तीत जास्त वीस मुलं बसवा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पट्टी सोलता येईल.